मळमळीचा मासा

माझ्या नवऱ्याने माझ्या मळमळीचा मासा काढून फ्रिजला चिकटवला, तेव्हा मी बाथरूममध्ये होते. तोंड धुऊन बाहेर आले तर तो मार्कर घेऊन दाराशीच उभा.

"आत्ताची कशी होती?" त्याने विचारलं. "मघाच्यापेक्षा जास्त, कमी, की तेवढीच?"

"धम्मा, आधी पाणी दे."

धम्मरत्न कुरुळीच्या पुढे, ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. त्यांच्याकडे एखादा भाग बिघडून परत आला की कुणी आरडाओरडा करत नाही. सगळे एका कागदाभोवती जमतात आणि माशाचा सांगाडा काढतात. डोक्यात तक्रार लिहायची आणि काट्यांवर संभाव्य कारणं. माणूस, यंत्र, माल, पद्धत, वातावरण असे मोठे काटे ठरलेले असतात. मग एकेक कारण तपासायचं आणि खोडायचं. जे उरेल ते खरं. धम्मरत्नची या पद्धतीवर श्रद्धा आहे. आमचा मिक्सर बंद पडला तेव्हाही त्याने मासा काढला होता. मिक्सरचं बटण चालू नव्हतं, हे माशाच्या शेवटच्या काट्यावर सापडलं.

या वेळी माशाच्या डोक्यात लिहिलं होतं, 'मळमळ व उलटी – आम्रपाली'.

"कारण मला माहीत आहे," मी म्हटलं. "मी गरोदर आहे."

"ते कारण नाही, ती परिस्थिती आहे," तो म्हणाला आणि 'माल' या काट्याखाली 'कालची भेंडी' असं लिहिलं.

मी त्याला थांबवलं नाही. एक तर त्याचा जीव खरोखर खालीवर होत होता, आणि बरं होण्याची घाई त्याच्यापेक्षा मला जास्त होती. मी भोसरीत पाणी तपासणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे एक नवं यंत्र येणार होतं. पाण्यात मिसळलेलं कीटकनाशक अगदी नावापुरतं असलं तरी ते शोधून काढणारं. त्याची मी दोन वर्षं वाट पाहत होते. येत्या सोमवारी कंपनीचा माणूस येऊन ते चालवायला शिकवणार होता, आणि शिकायला फक्त एकाच माणसाला बसवणार होते. माझं नाव ठरलं होतं. मी नसले तर ज्ञानेशचं. ज्ञानेश माझा सहकारी, वाईट नाही, पण काचेची नळी त्याच्या हातात दिली की ती जमिनीकडे ओढ घेते. गरोदरपणाचं मी प्रयोगशाळेत कुणाला सांगितलेलं नव्हतं. सांगितलं असतं तर सगळ्यांनी प्रेमाने अभिनंदन केलं असतं आणि तितक्याच प्रेमाने ज्ञानेशला बसवलं असतं.

धम्मरत्नच्या कंपनीत कारण सापडेपर्यंत हातावर हात धरून बसत नाहीत. संशयित माल आधी बाजूला काढतात आणि लाल ट्रेमध्ये ठेवतात, म्हणजे चुकून कुणी वापरत नाही. त्याने ट्रेनिंगच्या आदल्या सोमवारी संध्याकाळी खरोखरच एक लाल ट्रे घरी आणला. त्यात चहा पावडर, हिंग, लसूण, लोणच्याची बरणी आणि भेंडी गेली. माझं खाणं वरणभातावर आलं. वरणाला फोडणी नाही. मी दोन घास खाऊन ताट सरकवत होते.

मंगळवारी दुपारपासून माझं डोकं दुखायला लागलं. साधं नाही. कपाळाच्या आत कुणीतरी दुसऱ्या पाळीत प्रेस चालवतंय असं. त्याने दुसरा मासा काढला. आमचा फ्रिज दोन दारांचा आहे, त्यामुळे वरच्या दारावर मळमळ आणि खालच्यावर डोकेदुखी अशी सोय झाली.

त्याच दिवशी जिंतूरहून सासूबाई आल्या. भिमाबाई त्यांचं नाव. पिशवी खाली ठेवण्याआधीच त्यांचं फ्रिजकडे लक्ष गेलं.

"हे काय मांडलंय रे? मासळी बाजार?"

"आई, हे तिच्या त्रासाचं विश्लेषण आहे."

"मह्या टायमाला मी पाच महिने ओकत होते. तुह्या बापानं एक चिंगळीसुद्धा नव्हती काढली." त्या माझ्याकडे वळल्या, हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे केला. "पोरगी वाळून चालली की रे. ऐतवारी मामा गाडी घेऊन येणार हाय, पुण्यातलं सामान न्यायला. तवर बरी झाली तर ठीक. न्हाई तर मी हिला संगं घेऊन चालले. तिकडं हवा हाय, पाणी हाय, चार बाया हायेत."

"आई, सोमवारी माझं ट्रेनिंग आहे."

"ओकत ओकत कोणाला ट्रेनिंग देते?"

"घ्यायचंय."

"मग तर बिलकुलच न्हाई."

सासूबाईंच्या निर्णयावर आमच्याकडे अपील नसतं. मी धम्मरत्नकडे पाहिलं. तो विचार करत होता. "तत्त्व म्हणून बरोबर आहे," तो म्हणाला. "कारण सापडेपर्यंत माल वेगळा ठेवावा लागतो." मग माझा चेहरा पाहून घाईने म्हणाला, "पण सापडेल. रविवारला वेळ आहे. मी तर मामांबरोबर पोचवायला म्हणून सोम-मंगळची रजाही टाकून ठेवतो, पण ती लागणारच नाही."

बुधवारी आम्ही सांगवीला डॉक्टर निशिगंधांकडे गेलो. त्यांनी वजन घेतलं, रक्तदाब पाहिला, ठीक आहे म्हणाल्या आणि विचारलं, "काही विचारायचंय?" धम्मरत्नने दोन्ही मासे त्यांच्या टेबलावर उलगडले. उडू नयेत म्हणून एकावर त्यांचाच स्टेथोस्कोप ठेवला.

डॉक्टरांनी ते खरंच वाचले. 'चंद्राची स्थिती (आईचं मत)' इथपर्यंत वाचले.

"डोकं कधीपासून दुखतंय?"

"काल दुपारपासून," मी म्हटलं.

"चहा कधी बंद केला?"

"परवा संध्याकाळी," धम्मरत्न अभिमानाने म्हणाला.

"आधी किती कप घ्यायच्या?"

"चार," मी म्हटलं. "पाहुणे आले तर पाच."

डॉक्टरांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. धम्मरत्न माशाकडे बघत राहिला. त्या माशाला 'उपाय' नावाचा काटाच नव्हता.

"अहो, रोज चार कप पिणाऱ्या बाईचा चहा एकदम तोडला तर डोकं दुखणारच. शिवाय ही जेवत नाही, पाणी पीत नाही. उपाशी पोटानं आणि पाणी कमी पडल्यानं डोकंही दुखतं, मळमळही वाढते. कंपनीत तुम्ही एका वेळी किती गोष्टी बदलता?"

"एकच," धम्मरत्न हळू आवाजात म्हणाला. "नाहीतर कशाचा परिणाम कळत नाही."

"मग घरी हा नियम का नाही?"

धम्मरत्नने मार्करचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"दिवसाला दोन कप चहा चालेल," डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाल्या. "सकाळी उठायच्या आधी, अंथरुणातच एखादा टोस्ट खायचा. थोडं थोडं, पण दर दोन-अडीच तासांनी पोटात काहीतरी हवं. पाणी घोट घोट. डोकेदुखीची गोळी मनाने घ्यायची नाही, आधी मला विचारायचं. पाणीसुद्धा पोटात ठरेनासं झालं, लघवी कमी झाली, तर लगेच या. आणि पुढच्या महिन्यांत कधी डोकं खूप जोरात दुखलं, नजर धूसर झाली, चेहरा किंवा हात सुजले, तर मासे काढत बसू नका. थेट इथं या. तो रक्तदाब असू शकतो, त्यात वेळ घालवायचा नसतो."

"आणि मळमळीचं मूळ कारण?" धम्मरत्नने विचारलं.

"गरोदरपण. शरीरात संप्रेरकं भराभर वाढतात, त्याने होतं. बहुतेकींचं तीन-चार महिन्यांत ओसरतं."

"म्हणजे मूळ कारण काढून टाकता येत नाही."

"येतं की. नऊ महिन्यांनी आपोआप निघतं." त्या हसल्या. "तोवर निमित्तं टाळायची. या दिवसांत नाक फार तिखट होतं. कुठल्या वासाने होतंय तेवढं बघा."

हे शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं.

चहा परत आला आणि बुधवारी दुपारीच डोक्यातली प्रेस थांबली. धम्मरत्नने खालचा मासा सन्मानाने उतरवला आणि सगळी शक्ती वरच्यावर लावली. घरातला प्रत्येक वास संशयित झाला. सासूबाईंचा गुडघ्याचा बाम लाल ट्रेमध्ये गेला. बुद्धांच्या तसबिरीपुढची उदबत्ती गेली.

"भगवंताला काय सांगू?" सासूबाईंनी विचारलं.

"तात्पुरतं आहे म्हणून सांग."

मग तो जिना उतरून तळमजल्यावरच्या छबूबाईंकडे गेला. छबूबाई दर दोन दिवसांनी सुके बोंबील भाजतात आणि पिंपळे गुरवच्या आमच्या गल्लीत ते कुणाला सांगावं लागत नाही. तो हात जोडून म्हणाला, "मावशी, फक्त रविवारपर्यंत बोंबील बंद ठेवाल का?"

"कोण वारलं?" छबूबाईंनी विचारलं.

"कोणी नाही. बायकोला वास सहन होत नाही."

"मह्या नवऱ्यालाबी होत नव्हता. त्याला म्हटलं, दार उघडं हाय." त्यांनी तवा घासायला घेतला. "पोटुशी हाय व्हय? मग आधी का न्हाई सांगितलं? रविवारपर्यंत न्हाई, पण उद्यापर्यंत थांबते."

राहिला तो स्वतः. यंत्रावर भाग कापताना ज्या तेलकट पाण्याची धार सोडतात त्याचा एक वास त्याच्या कपड्यांना, केसांना असतो. मला तो इतकी वर्षं जाणवतही नव्हता. पण धम्मरत्न प्रामाणिक माणूस आहे. त्याने माशावर 'माणूस' या काट्याखाली 'धम्मरत्न – तेलाचा वास' असं लिहिलं आणि त्याच संध्याकाळी उपाय म्हणून एक बॉडी स्प्रे आणला. काळी बाटली, वर लांडग्याचं चित्र. अंगावर मारला, बनियनवर मारला, खात्रीसाठी उशीवर मारला. मग 'धम्मरत्न' या शब्दावर आडवी रेघ मारून पुढे लिहिलं, 'निराकरण झाले'.

त्या दिवसापासून माझी परिस्थिती बिघडली.

त्यांच्या कंपनीत आणखी एक नियम आहे. टेबलाशी बसून अंदाज करायचे नाहीत. बिघाड जिथे होतो तिथे स्वतः जाऊन उभं राहायचं आणि डोळ्यांनी पाहायचं. त्यामुळे मला मळमळायला लागलं की धम्मरत्न येऊन माझ्या शेजारी उभा राही. मी बेसिनवर वाकले की तोही वाके. एका हाताने माझी पाठ चोळायचा आणि दुसऱ्या हाताने घड्याळ बघायचा. जितकं जास्त होई तितका तो जवळ येई. कंपनीतून आल्यावर आधी स्प्रे, मग माझी चौकशी. रात्री उठून पाणी द्यायचा, तेव्हाही आधी स्प्रे, म्हणजे मला त्रास नको.

आता हे ऐकणाऱ्याला सगळं दिसत असेल. मला दिसत नव्हतं. मी शास्त्राची पदवीधर आहे, पण बेसिनवर वाकलेल्या माणसाला कार्यकारणभाव सुचत नाही. बेसिन सुचतं. शिवाय तो वास आता घरभर होता, आणि सगळीकडे असलेल्या गोष्टीवर संशय कसा घेणार?

शुक्रवारी पहाटे त्याला जावं लागलं. कंपनीत बाहेरून तपासणीला माणसं येणार होती, दोन दिवस मुक्काम तिकडेच, कुरुळीला मित्राच्या खोलीवर. तो गेला तो दर तासाला फोन करायचं वचन घेऊन, आणि लांडगा बॅगेत घालून.

त्याची पाठ वळल्यावर सासूबाईंनी उशांच्या खोळी आणि चादरी काढून धुतल्या. "काय घाण दर्प सुटलाय घराला," एवढंच म्हणाल्या. मग लाल ट्रे स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला आणि एकेकाला मुक्त करायला सुरुवात केली. उदबत्ती लागली. लसणाची फोडणी पडली. गुडघ्याला बाम लागला. दुपारी छबूबाईंची मुदत संपली आणि जिन्यातून बोंबलाचा वास वर आला.

सासूबाई बादली घेऊन माझ्या समोर बसल्या.

"होतंय काही?"

मी अंदाज घेतला. "भूक लागलीय."

संध्याकाळी छबूबाईंनी वाटीभर बोंबलाची चटणी पाठवली. मी ती दीड भाकरीबरोबर खाल्ली. सासूबाई माझ्या तोंडाकडे पाहत होत्या, आणि मग फ्रिजकडे. माशाच्या सगळ्या काट्यांवरचे आरोपी माझ्या पोटात शांत बसले होते. शनिवारी सकाळी थोडी मळमळ झाली, एक टोस्ट खाल्ल्यावर गेली. दिवसभर मी सोमवारच्या ट्रेनिंगसाठी यंत्राची माहिती वाचत बसले.

फोनवर धम्मरत्नचा आनंद मावत नव्हता. "म्हणजे उपाय लागू पडले! सांग ना, कुठला लागू पडला?"

"तू आलास की बघू," मी म्हटलं.

शनिवारी संध्याकाळी तो आला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. तो पहिल्या मजल्यावर असतानाच लांडगा आमच्या दाराशी पोचला. धम्मरत्न दारात आला, हातात पेढ्यांचा डबा, आणि म्हणाला, "कशी आहेस?"

मी बेसिनकडे धावले.

परत आले तेव्हा सासूबाई खोलीच्या मध्यभागी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा लेकाकडे.

"धम्मा, बाहेर जा."

"आत्ताच तर आलो."

"जा म्हणते ना. पार खाली छबूबाईच्या दारापर्यंत."

तो गेला. सासूबाईंनी खिडक्या उघडल्या. मला आल्याचा चहा दिला. मी प्यायले. पोट शांत झालं. एक बिस्कीटही गेलं.

"ये रे वर!" त्यांनी गॅलरीतून हाक मारली.

तो आला. मी पुन्हा धावले.

"जा खाली!"

"आई, झालं तरी काय?"

"जा!"

दुसऱ्या खेपेला तळमजल्यावर छबूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "घरात घेईनात व्हय रे?" त्यांनी त्याला विचारलं. "काय खाऊन आलास?"

त्याच क्षणी धम्मरत्नच्या डोक्यात उजेड पडला. त्यांच्याकडे कारण पक्कं करायची एकच रीत आहे. संशयित भाग बसवायचा, बिघाड दिसतो का पाहायचं. काढायचा, बिघाड गेला का पाहायचं. परत बसवायचा. रोज ज्या चाचणीवर तो सही करत होता ती त्याची आई त्याच्यावरच करत होती, आणि चुकत नव्हती.

तो वर आला नाही. दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसून त्याने मला फोन केला.

"आम्रा, म्हणजे... मीच?"

"तू नाहीस रे. लांडगा."

"लांडगा तुझ्यासाठीच आणला होता."

"माहीत आहे मला."

मग तो म्हणाला, "पण दोन शक्यता आहेत. स्प्रे, किंवा आतला तेलाचा वास. दोन्ही एकाच माणसावर आहेत. वेगवेगळं तपासावं लागेल."

"आधी आंघोळ कर," मी म्हटलं.

आंघोळ त्याने छबूबाईंकडे केली, त्यांच्या कपड्यांच्या साबणाने. तरी त्या रात्री तो गॅलरीत झोपला. बॅग, शर्ट, पट्टा, पाकीट, सगळ्यांत लांडगा शिरला होता.

रविवारी सकाळी कोंडीराममामा गाडी घेऊन आले. गाडीच्या मागच्या भागात फॅन आणि प्लास्टिकच्या खुर्च्या. पाणी पिऊन त्यांनी विचारलं, "पोरीची बॅग कुठंय?"

मी माझ्या खोलीच्या दारात उभी होते. सगळा प्रश्न सासूबाईंच्या हातात होता. त्या माझ्याकडे बघत होत्या, मी टोस्ट खात होते.

"पोरगी कुठं जात न्हाई," त्या म्हणाल्या. "तिला काही झालेलं न्हाई. उद्या तिचं ट्रेनिंग हाय."

"मग गाडीत जागा धरून ठेवली ती?"

"ती रिकामी कशाला न्यायची? ह्याला घेऊन जा. रजा टाकलेलीच हाय ह्यानं. दोन दिवस विहिरीवर आंघोळ करू द्या, शेतात हिंडू द्या."

मामांनी भाच्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ह्याला काय झालंय?"

"वास."

धम्मरत्नने वाद घातला नाही. संशयित माल वेगळा ठेवायचा असतो, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? निघताना त्याने फ्रिजजवळ जाऊन 'धम्मरत्न' वरची आडवी रेघ खोडरबरने पुसायचा प्रयत्न केला. मार्कर पुसला जात नाही. मग त्याने बाजूला नव्याने नाव लिहिलं आणि त्याभोवती गोल केला. पेढ्यांचा डबा दुरूनच ओट्यावर सरकवला. मला हात केला तोही दारातून.

संध्याकाळी जिंतूरहून फोन आला.

"पोचलो. मामांना स्प्रेची बाटली आवडली, मी देऊन टाकली. त्यांनी गाडीतच मारला."

"मग?"

"जालन्याच्या अलीकडे मी आणि मामा, दोघंही ओकलो. त्यातलं गरोदर कोणी नव्हतं." त्याच्या आवाजात समाधान होतं. "म्हणजे तेलाचा वास निर्दोष सुटला. स्प्रेच."

सोमवारी मी अंथरुणात टोस्ट खाल्ला, एक कप चहा प्यायले, पर्समध्ये लिंबू आणि चणे टाकले आणि प्रयोगशाळेत पोचले. यंत्र नव्या टेबलावर बसवलेलं होतं, प्लास्टिकचं वेष्टन अजून निघायचं होतं. ज्ञानेश कोपऱ्यातून त्याकडे बघत होता. मी खुर्ची ओढली, हातमोजे पुढ्यात ठेवले. शिकवायला आलेला माणूस बाहेर साहेबांशी बोलत होता, त्याचा आवाज ऐकू येत होता.

मग दार उघडलं, आणि त्याच्या आधी लांडगा आत आला.

मी तोंडावर हात धरला. ज्ञानेश अर्धा उठला. मी पर्समधून लिंबू काढलं, नखाने खरवडलं आणि नाकाशी धरलं.

"सर," मी म्हटलं, "तुम्ही आत येऊ नका. मी गरोदर आहे आणि तुमच्या स्प्रेने मला उलटी होते. तुम्ही दारातून सांगा, मी इथे करते."

त्या बिचाऱ्याचे कान लाल झाले. तो दोन पावलं मागे सरकला, मग आणखी दोन, आणि व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. ज्ञानेशने जाऊन सगळ्या खिडक्या उघडल्या.

"अभिनंदन, मॅडम," तो माणूस बाहेरून म्हणाला. "आता डावीकडचा निळा व्हॉल्व्ह दिसतोय?"

"दिसतोय."

"साधारणपणे पहिल्या दिवशी तो मीच फिरवतो."

"आज मी फिरवते," मी म्हटलं.

दिवसभर तो व्हरांड्यातून ओरडून सांगत राहिला आणि यंत्राला हात लावणारी मी एकटीच होते. संध्याकाळी नमुना घालून पाहिला तेव्हा पडद्यावरच्या रेघेत कीटकनाशकाचा पहिला उंचवटा आला, अगदी बारीक, पण सरळ आणि स्वच्छ. मी दाराकडे पाहिलं. तो दाराच्या काचेला नाक लावून बघत होता. मी अंगठा वर केला, त्यानेही केला. मग मी दोन चणे खाल्ले आणि पुढचा नमुना भरला.